टेबलाखालची जागा

जानेवारीत लष्करात सकाळ अकराला होते.
तोवर नुसतं धुकं, कुठेतरी वर जाणारी शटरं,
आणि पतपेढीच्या जिन्यावर मी,
खांद्याच्या पिशवीत सहा संगणक घेऊन.

सहा. एका पिशवीत.
रामदुलारे शिपायाला वाटलं गजक आणली.
मी एक काढून त्याच्या तळहातावर ठेवला:
पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पाटी.
"इत्तो सो?" तो म्हणाला,
आणि वास घेऊन पाहिला.

पंखा नाही. डिस्क नाही.
पोटात ठेवायला याला काहीच दिलेलं नाही.
वीज आली की उठतो
आणि माळ्यावरच्या कपाटातल्या पेटीला विचारतो,
मी कोण?
पेटी सांगते. हा दिवसभर तेवढं होऊन राहतो.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न,
आणि पेटी कंटाळत नाही.

आंबेगावकरांचा जुना डबा सर्वांत शेवटी सोडवला.
पंधरा वर्षं कर्जखात्याच्या टेबलाखाली.
उघडला तर धूळ, सुपारीचं खांड, एक वाळलेली पाल.
आणि डिस्कवर, हप्त्यांच्या याद्यांच्या मागे,
"घर" नावाची फाइल.
नीट उतरली का ते पाहायला उघडावी लागते.
तारीख, जेवणापूर्वी, जेवणानंतर.
सात वर्षांची साखर, सुमनताईंची.
शेवटची ओळ ऑगस्टातली.
जेवणापूर्वी: एकशे ब्याण्णव.
पुढचा रकाना मोकळा.

मी बंद केली. उतरली होती नीट.

"माझं सगळं कुठं आहे आता?"
मी त्यांना शितोळेबाईंच्या टेबलाशी नेलं,
त्यांचं नाव घातलं, परवलीचा शब्द त्यांनी घातला,
मी भिंतीकडे पाहत राहिलो.
आणि तिथे, परक्या पडद्यावर, त्यांचं सगळं:
अर्धवट टाइप केलेली जप्तीची नोटीस,
कर्सर जिथे सोडला होता तिथेच, "उपरोक्त"च्या पुढे.
मला वाटलं, आता खूश होतील.
"म्हणजे कुठंही आहे," ते म्हणाले.
चष्मा पुसला.
"म्हणजे इथं नाही."

चौथ्या दिवशी फोन आला.
मशीन ठीक आहे, वेगही बरा आहे,
पण पाय गार पडतात.

मला आधी कळलंच नाही.
मग कोटेशन आठवलं, माझ्याच हातचं:
जुना डबा दोनशे वॅट, नवी पाटी पाच.
फरक गुणिले सहा टेबलं, गुणिले आठ तास,
खाली दोन रेघा मारून वर्षाची बचत.
अध्यक्षांनी त्या आकड्याभोवती गोल केला होता.
त्या गोलात आंबेगावकरांचे पाय होते.
पंधरा हिवाळे चपला काढून
डब्याच्या मागच्या जाळीला टेकवलेले.

भंगारवाला अजून आला नव्हता.
त्यांचाच डबा शोधला, खाजगीवाल्यांच्या सुरेखनं
वायर, होल्डर, साठचा पिवळा बल्ब दिला
(आता मिळत नाहीत, तिच्या आजोबांच्या खोक्यात होता).
आत पाल नव्हती, तेवढं पाहिलं.
झाकण लावलं, चार स्क्रू, टेबलाखाली सरकवला.

सचिवांनी वाकून विचारलं, हे काय आता?
मी म्हटलं, जुनी प्रणाली.
एकदम बंद करता येत नाही.

दुपारी वीज गेली. सहाही पडदे काळे.
आली तेव्हा सहाही जण एका सुरात माळ्याला विचारू लागले,
मी कोण, मी कोण,
आणि माळ्यावरून उत्तर यायला मिनिटभर लागलं.
तेवढ्या वेळात टेबलाखाली, जाळीतून,
पिवळा उजेड, चार पट्ट्यांचा,
लोकरी मोज्यांवर.
आंबेगावकर पडद्याकडे बघत नव्हते.

मार्चात बल्ब काढायचा आहे.
लक्षात राहिलं तर.